शिकवू दे म्हातारीला

म्हातारी कुत्री गुरगुरली म्हणून पिल्लू लगेच उचलून घेऊ नकोस. आमची दहा वर्षांची कुत्री अशा आगाऊ पोरांना अंगणातच सरळ करते. आधी मान वळवते, मग ओठ उचलून दात दाखवते, तरी कान ओढलाच तर हवेत एक ‘खट्’. दात लागत नाही. पिल्लू मागं सरकतं, अंग झटकतं, आणि पुढच्या वेळी बाजूनं, वास घेत येतं. हे तुला-मला शिकवता येत नाही, बाबा.

फक्त सांगलीच्या आयर्विन पुलाकडच्या अनोळखी कुत्र्यांच्या टोळीत पिल्लू सोडू नकोस. लसी पूर्ण होईपर्यंत ओळखीतला, लस झालेला, शांत कुत्राच बरा. पण थांबूनही चालत नाही, साधारण ३ ते १४ आठवड्यांचं वय हाच शिकायचा काळ. पिल्लू शेपूट घालून कोपऱ्यात दडलं, तर मात्र मध्ये पड.