बेल्जियम फुटणार का, आणि आपण जायचं की नाही

तू लिहिलंयस की बेल्जियममध्ये नोकरीच्या दोन ऑफर आहेत, एक ल्युवेनची, दुसरी लुव्हाँ-ला-नव्हची, मध्ये जेमतेम पंचवीसेक किलोमीटर, आणि घरी आईबाबा म्हणतायत तो देश फुटायला आलाय, बायको-मुलीला घेऊन कुठे जातोस. देश फुटेल म्हणून अजिबात घाबरू नकोस, पण ते पंचवीस किलोमीटर मात्र नीट समजून घे.

कारण भाषेची सरहद्द मधून जाते, ल्युवेनकडे डच आणि पलीकडे फ्रेंच, 1962-63 ला कायद्याने आखलेली. ही दोन्ही गावं खरं तर एकाच युनिव्हर्सिटीचे वाटे आहेत. 1968 ला ल्युवेनमध्ये डचवाल्यांनी फ्रेंच विभाग इथून हलवा म्हणून आंदोलन केलं, त्यात सरकार पडलं, मग फ्रेंच विभागासाठी रेषेपलीकडे नवीन गावच वसवलं. लायब्ररीही वाटली, सम नंबरची पुस्तकं एकीकडे आणि विषम दुसरीकडे! ऐकून वेडेपणा वाटतो, पण बेल्जियमची 1831 ची राज्यघटना फ्रेंचमध्ये होती आणि डच प्रतीला बरोबरीचा दर्जा मिळाला थेट 1967 ला, म्हणजे देशात जास्त लोक डच बोलणारे असून. डचवाल्यांचा राग मला तरी समजतो.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 3 खाली संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलू शकते, राज्याला मत विचारतात पण ते मानायचं बंधन नाही. 1960 ला मुंबई राज्य वाटलं आणि बडोदं गुजरातेत गेलं, तिथल्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांना कोणी विचारलं होतं? बेल्जियममध्ये प्रदेशांचे अधिकार बदलायचे तर संसदेत एकूण दोन तृतीयांश मतं हवीत, शिवाय डच बोलणाऱ्या खासदारांत वेगळं बहुमत आणि फ्रेंच बोलणाऱ्यांत वेगळं. म्हणून सगळं रेंगाळतं, 2010 च्या निवडणुकीनंतर 541 दिवस नवीन सरकारच बनलं नव्हतं. पण म्हणूनच एका रात्रीत काही होत नाही, 1970 पासून 6 वेळा राज्यव्यवस्थेत सुधारणा करून एकेक खातं केंद्राकडून खाली गेलंय. वेगळं फ्लँडर्स, म्हणजे डच बोलणारा प्रदेश, हवं असं ज्याच्या पक्षाच्या घटनेत लिहिलंय तो बार्ट डी वेव्हर 2025 मध्ये अख्ख्या बेल्जियमचा पंतप्रधान झाला! आणि ब्रुसेल्स आहे फ्लँडर्सच्या पोटात पण बोलतं मुख्यतः फ्रेंच, ते कोणाच्या वाट्याला द्यायचं याचं उत्तर कोणाकडेच नाही.

तुझ्या कामाचं म्हणजे, वर्क परमिटचा अर्ज जिथे नोकरी त्या प्रदेशाकडे जातो, पुढे नोकरी बदलून रेषा ओलांडलीस तर परत नव्याने अर्ज. मुलांचा भत्ताही आता प्रदेशाप्रमाणे वेगळा. सरकारी शाळा ल्युवेनला डच, तिकडे फ्रेंच, ब्रुसेल्समध्ये मात्र आईबाप निवडू शकतात. ल्युवेनच्या नगरपालिकेत काउंटरवरच्या बाईला इंग्लिश छान येतं पण कागद डचमध्येच मिळतो, कायदाच तसा आहे, तिच्याशी वाद घालू नये. ट्रेनमध्येही रेषा ओलांडली की अनाउन्समेंटची भाषा बदलते, ल्युवेनच्या बोर्डावर ज्या शहराचं नाव लाउक लिहिलेलं असतं तेच पुढे लिएज होतं, स्टेशन चुकू नकोस.

मी म्हणेन ल्युवेन घे, पण तिघांनीही डचचे क्लास बडोद्यातूनच सुरू करा, इंग्लिशवर भागेल या भरवशावर येऊ नका. आपण घरात मराठी आणि दुकानात गुजराती बोलतच वाढलोय, मुलीला जड जाणार नाही. ऑफर लेटरवर कामाचा पत्ता नक्की कुठला दिलाय तो आधी बघ, कारण बऱ्याच कंपन्यांचं ऑफिस एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला असतं, तसं असेल तर सही करायच्या आधी एचआरला विचार की परमिट कुठल्या प्रदेशातून काढणार.