लोड सेलच्या काट्याचे शून्य दुपारी का सरकते?

एलएम३५८ हा साधा ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) आणि एक टक्का अचूकतेचे चार रेझिस्टर वापरून आपण लोड सेलचा, म्हणजे भाराच्या प्रमाणात व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल शंभरपट वाढवला, पण सकाळी शून्यावर आणलेला काटा दुपारी शून्यावर राहत नाही. त्याऐवजी एडी६२० हा तयार इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर (दोन तारांमधला फरक तेवढा वाढवणारी चिप) बसवल्याने हा दोष जाईल का, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात वजनकाट्यांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि मे महिन्यात हीच तक्रार सर्वाधिक येते. दोष बराचसा जाईल, सगळा नाही.

दर व्होल्टला २ मिलिव्होल्ट देणाऱ्या लोड सेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्टच मिळतात, आणि तेही दोन तारांमधला फरक म्हणून. दोन्ही तारांवर अडीच व्होल्ट समान बसलेले असतातच. हे अडीच व्होल्ट वजा व्हायचे, तर चारही रेझिस्टर तंतोतंत जुळावे लागतात. ते एक टक्क्याने प्रतिकूल दिशांना चुकले, तर शंभरच्या गेनला (शंभरपट वाढीला) कॉमन मोडचे, म्हणजे दोन्ही तारांवरच्या समान व्होल्टेजचे, दमन जेमतेम ६८ डेसिबल उरते, म्हणजे इनपुटपाशी सुमारे १ मिलिव्होल्टची चूक, पूर्ण भाराचा दहावा हिस्सा. ती स्थिर राहिली असती तर टेअर करून (रिकामा काटा शून्यावर आणून) काढता आली असती, परंतु तापल्यावर चारही रेझिस्टर सारखे बदलत नाहीत. शिवाय एलएम३५८चा ऑफसेट (इनपुटवरची त्याची स्वतःची शून्याची चूक) अंशामागे साधारण ७ मायक्रोव्होल्ट सरकतो. सकाळच्या २८ अंशांवरून दुपारच्या ४५ अंशांपर्यंत हे जवळपास १२० मायक्रोव्होल्ट होतात, आणि दहा किलोच्या काट्यावर त्याचे १२० ग्रॅम दिसतात.

एडी६२०मध्ये आतले रेझिस्टर कारखान्यातच लेझरने जुळवलेले असल्याने शंभरच्या गेनला दमन ११० डेसिबल किंवा अधिक मिळते आणि ऑफसेटचे सरकणे अंशामागे सुमारे एक मायक्रोव्होल्टवर येते. बाहेर गेन ठरवणारा एकच रेझिस्टर राहतो, शंभरपटीसाठी ४९९ ओहमचा. तो मात्र स्वस्तातला घेऊ नका: अंशामागे दशलक्षात १०० भाग बदलणारा रेझिस्टर १७ अंशांत गेन ०.१७ टक्क्यांनी हलवतो, आणि मग शून्य बरोबर असूनही भरलेल्या पोत्याचे वजन चुकते.

एडी६२०च्या रेफरन्स पिनला (आउटपुटचे शून्य किती व्होल्टवर असावे हे ठरवणाऱ्या पिनला) दोन रेझिस्टरांचा व्होल्टेज विभाजक थेट जोडलेला मी अनेक बोर्डांवर पाहिला आहे. तसे केल्यास विकत घेतलेले दमन आपणच घालवून बसतो. मधे ऑप-अ‍ॅम्पचा बफर (व्होल्टेज तेच ठेवून विभाजकाला पिनपासून वेगळा ठेवणारा टप्पा) हवाच. एडी६२०चे आउटपुट दोन्ही पुरवठ्यांपासून व्होल्टभर दूरच थांबते, म्हणून एकाच ५ व्होल्टवर चालवताना हा रेफरन्स दीड व्होल्टच्या आसपास ठेवावा. लोड सेलचा पुरवठा आणि एडीसीचा (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपचा) संदर्भ एकाच ५ व्होल्टवरून घ्या, म्हणजे पुरवठा हलला तरी वाचन हलणार नाही.

केवळ वजनच मोजायचे असेल, तर खरे सांगायचे म्हणजे एडी६२०ची गरज नाही. एचएक्स७११ या वजनकाट्यांसाठीच्या एकाच चिपमध्ये १२८ गेनचा अ‍ॅम्प्लिफायर आणि २४ बिटांचा एडीसी एकत्र येतात, खर्चही कमी होतो. फक्त सेकंदाला १० किंवा ८०च वाचने मिळतात, म्हणून कंपन किंवा धक्का मोजायचा असेल तेव्हाच वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे वळावे.