अहवालातील एक ओळ आणि वाढलेले वजन

खुर्चीवर बसण्याआधीच त्या बाईंनी पर्समधून सीटी स्कॅनचा अहवाल काढून माझ्यापुढे ठेवला. 'पिनियल ग्रंथीत कॅल्शियम साचलेले दिसते' या ओळीखाली त्यांनी लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या आणि दुसरी रेघ इतक्या जोराने ओढली होती की कागद तिथे थोडा फाटला होता. डोकेदुखीसाठी केलेल्या त्या तपासणीत बाकी काहीच आढळले नव्हते. तरीही दीड वर्षात अकरा किलो वजन वाढलेल्या त्या बाईंना त्या एका ओळीत आपल्या साऱ्या त्रासाचे मूळ सापडले होते. "मॅडम, ही ग्रंथी बिघडली म्हणूनच माझे अंग सुटत चालले आहे ना?" असे त्यांनी विचारले. ही भीती अनेकांना वाटते, म्हणून ओळख पटेल असे तपशील वगळून, त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे.

मी आधी त्या कॅल्शियमबद्दल बोलले. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या या एवढ्याशा ग्रंथीत प्रौढ वयात कॅल्शियमचे कण साचणे इतके सर्रास आढळते की, सीटी स्कॅन येण्यापूर्वी डोक्याच्या साध्या एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या या पांढऱ्या ठिपक्याचा डॉक्टर खूण म्हणून उपयोग करीत. तो मधल्या रेषेवरून सरकलेला दिसला, तर मेंदू एका बाजूला ढकलला जात असल्याची शंका घेतली जाई. म्हणजे ज्या ठिपक्याने त्यांची झोप उडवली होती, तो कित्येक निरोगी माणसांच्या डोक्यातही असतो. अकरा किलो वजन त्याच्या माथी मारता येणार नव्हते. थायरॉइडची तपासणी आणि चालू औषधांचा आढावा त्यांच्या डॉक्टरांनी आधीच घेतला होता.

मात्र पिनियल ग्रंथीचा आणि वजनाचा काहीच संबंध नाही, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते खरे ठरले नसते. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन स्रवते आणि आता रात्र झाली आहे, हा निरोप त्यातून शरीरभर पोहोचतो. हे संप्रेरक येल विद्यापीठात ॲरन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये गुरांच्या पिनियल ग्रंथींपासून वेगळे केले. डोळ्यांवर प्रकाश पडला की त्याचे स्रवणे दबते. मेलाटोनिन चढलेले असताना स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटते, त्यामुळे त्या वेळी खाल्लेल्या अन्नातील साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते. उंदरांमध्ये मेलाटोनिन दिल्यावर पोटावरची चरबी घटल्याचे दिसले आहे; पण या गोळ्यांनी माणसाचे वजन खात्रीने उतरते, असे सिद्ध झालेले नाही. बाईंनी अशा गोळ्यांची बाटली आणून ठेवली होती. ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडायची नाही, एवढे आम्ही ठरवले.

मग मी त्यांना त्यांच्या रात्रीविषयी विचारले. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची कूस बदलण्यासाठी त्या दर दोन-तीन तासांनी उठत, प्रत्येक वेळी खोलीतली ट्यूबलाइट लावत आणि पुन्हा डोळा लागू नये म्हणून उभ्या उभ्या काहीतरी खात. त्यांची सलग झोप चार तासांचीही होत नव्हती. २००४ मधील एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिले, तेव्हा भरपूर झोपेच्या रात्रींच्या तुलनेत त्यांच्यातील तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी अधिक आढळले. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे मी हावरट नाही," असे त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. मला वाटते, त्या अहवालातही त्या हेच वाक्य शोधत होत्या.

यानंतरच्या तीन भेटींत आम्ही वजनावर फारसे बोललोच नाही. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या भावाला 'रात्रीची एक पाळी तू घे' असे सांगायचे कसे, यावरच आमचा सगळा वेळ गेला, कारण मुलीनेच हे करायचे असते असे त्यांनी स्वतःच मानून घेतले होते. अखेर त्या बोलल्या, भाऊ थोडा कुरकुरला, पण पहाटेची पाळी त्याने घेतली. ट्यूबलाइटऐवजी पलंगाच्या पायथ्याशी जमिनीलगत मंद पिवळा दिवा आला. रात्रीचे खाणे एकदम सुटले नाही, मात्र सलग पाच-साडेपाच तास झोप मिळू लागल्यावर ते आपोआप विरळ झाले.

तीन महिन्यांनी काटा दोन किलो खाली आला होता आणि त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुपारी चालायलाही लागल्या होत्या. स्कॅन पुन्हा करावा का, असे त्यांनी मला एकदाच विचारले. तशी गरज नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले असल्याची मी त्यांना आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी तो फाटका कागद घडी घालून वडिलांच्या औषधांच्या फाइलमध्ये ठेवला आणि भावाच्या पाळीची वेळ अर्धा तास अलीकडे आणता येईल का, हा पुढचा प्रश्न काढला.