जुने टॅग काढण्याआधी फॉर्मचं बटण दाबून पाहा

तुम्ही लिहिलंय की साइटवर यूनिव्हर्सल ॲनालिटिक्सचा (साइटवरच्या भेटी मोजणारं गूगलचं जुनं साधन) कोड, बंद पडलेल्या जाहिरातींचा एक पिक्सेल (जाहिरातीतून आलेल्यांची नोंद करणारा कोड) आणि कोणी लावला हेही माहीत नसलेला गूगल टॅग मॅनेजरचा कंटेनर (असे टॅग, म्हणजे मोजणीचे छोटे कोड, एकत्र ठेवणारी पेटी) असं सगळं साचलंय, आणि सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत ते उपटून टाकायचा विचार आहे. ‘एका बैठकीत’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. मी नेमकं हेच केलं होतं.

बॅकअप, कंटेनरची एक्सपोर्ट फाइल, स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या वेगळ्या प्रतीवर, चाचणी हे तुम्ही करालच, त्यात शिरत नाही.

मी तेव्हा एका शिक्षणसंस्थेची साइट सांभाळत होते. यूनिव्हर्सल ॲनालिटिक्सनं १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं थांबवलं होतं, म्हणजे तो कोड आता मेलेलाच, असं मी धरून चालले. हेडरमधून स्निपेट, म्हणजे पानात चिकटवलेला त्याचा कोडचा तुकडा, काढला, कॅशे रिकामा केला, चारपाच पानं उघडून ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पान कुठे विनंत्या पाठवतं ते इथे दिसतं) पाहिला. जुन्या विनंत्या जात नव्हत्या. काम झालं असं समजून मी लॅपटॉप मिटला.

त्यानंतर अकरा दिवस प्रवेशअर्जाचा फॉर्म बंद होता आणि आम्हाला कोणालाच ते कळलं नाही. साइट चालू, फॉर्म दिसतोय, रकाने भरता येतायत, फक्त शेवटचं बटण दाबलं की काही होत नव्हतं. पहिले दोन फोन आले तेव्हा मी त्यांना ‘ब्राउझरचा कॅशे साफ करून पाहा’ असं सांगितलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ती माणसं बरोबर होती, चूक माझी होती.

झालं होतं असं. पूर्वीच्या डेव्हलपरनं बटणाला जोडलेल्या कोडमध्ये आधी ब्राउझरचं नेहमीचं सबमिट थांबवलं होतं, मग ॲनालिटिक्सच्या ‘जीए’ या फंक्शनला इव्हेंट (बटण दाबल्याची नोंद) पाठवायला सांगितलं होतं, आणि इव्हेंट गेल्याची खबर हिटकॉलबॅकमधून (नोंद गेल्यावर चालणाऱ्या कोडमधून) आली की मगच फॉर्म पुढे पाठवला जायचा. त्या काळी याला कारण होतं: पान बदललं की अर्ध्यावर असलेली विनंती रद्द व्हायची आणि नोंद हुकायची. मी स्निपेट काढल्यावर ‘जीए’ नावाचं काही उरलंच नाही. सबमिट थांबवण्याची ओळ चालायची, पुढच्याच ओळीवर एरर यायचा, आणि फॉर्म पाठवणाऱ्या ओळीपर्यंत गाडी पोचायचीच नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (पानातले एरर दाखवणाऱ्या खिडकीत) लाल अक्षरांत ते दिसत होतं. मी कन्सोल उघडला होता तो मुखपृष्ठावर, फॉर्मच्या पानावर नाही.

याहून जास्त लागलं ते पुढचं. दुरुस्तीसाठी तो कोड नीट वाचला तेव्हा कळलं की ॲडब्लॉकर वापरणाऱ्यांसाठी हा फॉर्म आधीपासूनच मोडलेला होता. स्निपेट ‘जीए’ नावाचं रांग धरणारं एक तात्पुरतं फंक्शन पानातच तयार करतो, म्हणून एरर येत नाही. पण खरी लायब्ररी, म्हणजे गूगलकडून येणारी मोजणीची मुख्य फाइल, अडवली गेली की हिटकॉलबॅक कधीच चालत नाही. अशा वेळी ठरावीक वेळ थांबून फॉर्म पाठवून द्यावा, असं गूगलच्या मार्गदर्शनात तेव्हाही होतं. आमच्या कोडमध्ये ती एक ओळ नव्हती. किती अर्ज असे गेले असतील, ते मोजायचं साधनही तेच होतं जे अडवलं जात होतं.

म्हणून माझं ठाम मत: स्निपेट शोधू नका, स्निपेटला हाका मारणारा कोड शोधा. थीमच्या फाइल्स, बटणांवरचे ऑनक्लिक, पेज बिल्डरच्या सेटिंग्ज, डेटाबेसमध्ये साठवलेला मजकूर, सगळीकडे. आधी या हाका काढायच्या, लायब्ररी सगळ्यात शेवटी. सगळ्या सापडल्याची खात्री नसेल तर लायब्ररीच्या जागी त्याच नावाचं एक पोकळ फंक्शन ठेवा. त्यानं आलेली हाक स्वीकारायची, हिटकॉलबॅक असेल तर लगेच चालवायचा, आणि हाक कुठल्या पानावरून आली ते नोंदवायचं. महिना-दोन महिने ते राहू द्या, उरलेल्या जागा आपोआप समोर येतात. जीटॅगचा (गूगलचा नंतरचा मोजणीचा कोड) इव्हेंट कॉलबॅक आणि डेटालेयरमधला (टॅग मॅनेजरला माहिती पुरवणारी यादी) इव्हेंटकॉलबॅक यांतही हाच सापळा असतो. डेटालेयर पानात वेगळा तयार केलेला असेल तर कंटेनर काढल्यावर तो नुसता ॲरे, म्हणजे साधी यादी, उरतो. त्यात पुश करताना एरर येत नाही, पण कॉलबॅकही चालत नाही.

आणखी एक. तुमच्याकडे जीए फोर (गूगल ॲनालिटिक्सची नवी आवृत्ती) चालू आहे म्हणता, पण ते कुठून लोड होतंय ते पाहिलंत का? पुष्कळ साइटवर जीए फोरचा वेगळा कोड कधी लावलाच नव्हता, जुन्या जीटॅगला ‘कनेक्टेड साइट टॅग’ म्हणून जोडलं होतं. तिथे जुना कोड काढला की नवंही बंद पडतं. सर्च कन्सोलमधली (साइट गूगल शोधात कशी दिसते ते सांगणारं साधन) मालकीही ॲनालिटिक्सच्या किंवा टॅग मॅनेजरच्या कोडवरून सिद्ध केलेली असू शकते, ती आधी डीएनएसवर (डोमेनच्या नोंदींवर) हलवा. आणि जुन्या कुकीज पुसायचा उत्साह असेल तर ‘अंडरस्कोर जीए’ (_ga) या कुकीला हात लावू नका, जीए फोर तीच वापरतं.

आता तो अनोळखी कंटेनर. आमच्याकडेही होता. ज्या एजन्सीनं लावला होता तिचं काम संपून बरीच वर्षं झाली होती. प्रवेशाधिकार मागणाऱ्या माझ्या ईमेलना आधी ‘तपासून कळवतो’ असं उत्तर आलं, मग काहीच नाही. जी गोष्ट ग्राहकाच्या साइटवर चालते ती ग्राहकाच्या खात्यात असलीच पाहिजे, हे ज्यांना पटत नाही त्यांच्याकडे काम देऊ नये. ज्याच्याकडे कंटेनरचा प्रकाशनाधिकार आहे तो तुमच्या साइटवर कुठलीही स्क्रिप्ट चालवू शकतो, पैसे भरायच्या पानावरसुद्धा. त्यामुळे मालक सापडत नसेल तर तो कंटेनर काढायचाच, पण आंधळेपणानं नाही. त्याची जावास्क्रिप्ट फाइल ब्राउझरमध्ये थेट उघडता येते. कोड दाबून लहान केलेला असतो, तरी कुठल्या सेवांचे आयडी आत आहेत ते शोधून काढता येतं. हवं ते नव्या, स्वतःच्या कंटेनरमध्ये उभारा आणि मग जुना काढा. बॉडीतला नोस्क्रिप्टचा (जावास्क्रिप्ट बंद असताना चालणारा) तुकडा विसरू नका, तो हमखास मागे राहतो.

संमतीच्या बॅनरबद्दल आणि कायद्याबद्दल मी बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. तुमची साइट मी पाहिलेली नाही, त्यामुळे यातलं काही तुम्हाला लागू नसेलही. पण फॉर्मच्या सबमिटचा कोड तेवढा दाखवा, मी वाचून सांगते. आणि तोपर्यंत ॲडब्लॉकर चालू करून तुमचा फॉर्म एकदा स्वतः भरून पाठवा.