माझ्याच हातून झालं का?

‘मॅडम, माझ्याच हातून झालं ना?’ पहिल्या तिमाहीत आपोआप गर्भपात झालेल्या स्त्रियांकडून हा प्रश्न मी समुपदेशनात वारंवार ऐकते.

बत्तीस वर्षांची मीनल (नाव बदलले आहे) कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरने जात असे. नवव्या आठवड्यातील सोनोग्राफीत गर्भाचे ठोके आढळले नाहीत, आणि तेव्हापासून तिने एका वहीत स्वतःविरुद्धचे आरोपपत्रच लिहून ठेवले होते: चांदणी चौकाजवळचा खड्डा, लग्नात खाल्लेली पिकलेल्या पपईची फोड, सासूबाई नको म्हणत असताना उचललेली भरलेली बादली. पहिली काही सत्रे मी ती यादी केवळ ऐकून घेतली. घाईने दिलेला दिलासा समोरच्याला विषय टाळल्यासारखाच वाटतो.

मग एकदा तिला रिपोर्ट मोठ्याने वाचायला सांगितला.

‘वाढ सहा आठवडे चार दिवसांएवढी.’

‘आणि स्कूटर खड्ड्यात आदळली ती केव्हा?’

तिने वही चाळली. ‘आठव्या आठवड्यात. म्हणजे वाढ त्याआधीच थांबली होती?’

ती सुटकेचा निःश्वास टाकेल असे वाटले होते. ती हमसून रडली. ‘मग पुढच्या वेळी मी सांभाळायचं तरी काय?’

विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे मनातली समजूत पुराव्यावर तपासून पाहण्यावर, माझा भर असल्याने मी पुराव्याकडे बोट दाखवले होते. परंतु खरी गाठ तिच्या या प्रश्नात होती. दोष आपला असेल तर पुढचे आपल्या हाती राहते, आणि ही हमी सुटू नये म्हणून ती अपराधभाव धरून बसली होती. हे तिला सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग स्वतःच म्हणाली, ‘हो, खड्डा तरी टाळता आला असता.’

निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भपातात संपतात, बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत, आणि त्यांतील जवळपास निम्म्या गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. हा दोष बहुधा योगायोगाने घडतो. विश्रांतीने तो टळत नाही आणि नेहमीच्या कामाने ओढवतही नाही. वय मात्र खरे कारण आहे, कारण पस्तिशीनंतर धोका वाढतो आणि चाळिशीनंतर झपाट्याने वाढतो. अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचे उपचार न केलेले विकार, लठ्ठपणा, गर्भाशयाच्या रचनेतील दोष, रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडे, मद्य आणि धूम्रपान हीही खरी कारणे आहेत. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया तिला तंबाखूत मोजत नाहीत, म्हणून मी तिच्याविषयी मुद्दाम वेगळे विचारते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधे चालू असतील, तर गर्भधारणेचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

एका गर्भपातानंतर बहुतेकींची पुढची गर्भधारणा सुखरूप पार पडते. लागोपाठ दोन झाले, तर मात्र पतिपत्नी दोघांच्याही तपासणीविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. मीनलने वहीत नवे पान काढून त्यावर दोनच नोंदी केल्या: थायरॉइडची तपासणी, आणि पतीची सिगारेट. दुसरी नोंद पतीला तिने माझ्यासमोरच वाचून दाखवली.