नवा मोबाईल घेतलास, आता हे ऐक

बापू, कापसाच्या चुकाऱ्यातून मोबाईल घेतला, बरं केलंस. आता व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे तू स्वतः ठरवलेला जादा पिन, आजच चालू कर, दोन मिनिटांचं काम आहे.

खरी भानगड एपीके फाईलची. गावाच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ नाहीतर लग्नपत्रिकेच्या नावानं येते. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नको, त्या बिचाऱ्याचाच मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. ती पत्रिका नाही, ॲप असतं. एसएमएस वाचायची परवानगी दिली की तुझे ओटीपी थेट चोराकडे.

युपीआयचा पिन खात्यातले पैसे जाताना लागतो, येताना नाही. जुना ट्रॅक्टर विकायला काढशील तेव्हा ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा हमखास भेटेल. सरळ फोन ठेव. ‘पोलीस बोलतोय, तुला फोनवरच अटक केली’ असली डिजिटल अटक कायद्यात नाहीच, व्हिडिओ कॉलवरच्या वर्दीला भ्यायचं नाही.

पैसे गेलेच तर लाजत बसू नको, लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लाव. चोर रक्कम भराभर दुसऱ्या खात्यांत फिरवतात, लवकर कळलं तर ती गोठवता येते.

बाकी हवामानासाठी ‘मेघदूत’ टाक, पण प्ले स्टोअरवरूनच. अन् ग्रुपवरच्या राजकारणात पडू नको बाप्पा, सरळ म्यूट कर.