जास्वंदीवरचा पांढरा कापूस आणि मुंग्या

ताई, दर आठवड्याला नीम तेल मारूनही जास्वंदीवर पांढरा कापूस परत येतो, कळ्या गळतात, पानं काळी पडतात, आणि खोडावर मुंग्यांची रांग हटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सुरुवात मुंग्यांपासून करा.

तो कापूस म्हणजे मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं अगदी कमी, म्हणून तो रस ओढतच राहतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. पानांवर पडलेल्या त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती पानात शिरत नाही, ओल्या फडक्याने निघते. मुंग्याही त्याच गोडासाठी येतात आणि मिलीबगला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. ही राखण चालू आहे तोवर तुमची फवारणी अर्धीच लागू पडणार.

खोडावर रुंद चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्या; सालीला थेट लावू नका. भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेली एकही फांदी ठेवू नका, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

मग हातात भिंग घेऊन शेंडे नीट बघा. मिलीबगपेक्षा मोठी, लांब पांढऱ्या झालरींची आणि भराभर चालणारी अळी दिसली तर कृपा करून चिरडू नका! ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी. हा किडा कॉफीवरच्या किडीसाठी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी दिसते मिलीबगसारखी आणि खाते मिलीबगच. लोक नेमकी तिलाच आधी मारतात, फार वाईट वाटतं. लालसर तपकिरी, कडक, दाण्यासारखे झालेले मिलीबगही झाडावरच राहू द्या. त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीची पिल्लं वाढत असतात. दाण्याला गोल भोक दिसलं तर माशी उडून गेली समजा.

फार माखलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. युरिया बंद करा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि मिलीबगला तीच हवी असते. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक कोणी कितीही सुचवलं तरी मातीत घालू नका, ते फुलांच्या मधात उतरतं आणि जास्वंदीवर मधमाश्या आणि सूर्यपक्षी दोन्ही येतात. नीम तेल मारायचंच तर संध्याकाळी, आणि ढालकिडा नसलेल्या फांद्यांवरच.